अभ्यास परदेशात, विषय घरचा

ऑगस्ट लागला की सहारच्या विमानतळावर रात्री अकरानंतर पाय ठेवायला जागा नसते. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, अंधेरीहून गाड्या भरभरून माणसं येतात. जाणारं मूल एक आणि पोचवायला आलेली माणसं आठ. ट्रॉलीवर तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा असतात आणि त्यांत काय भरायचं यावर घरात महिनाभर खल झालेला असतो. छोटा कुकर जातोच. गोडा मसाला, मेतकूट, थालिपिठाची भाजणी, आजीने आग्रहाने दिलेली लिंबाच्या लोणच्याची बरणी, गणपतीत घालायला एक झब्बा किंवा आईची जुनी पैठणी. वजन दीड किलो जास्त भरलं की काय काढायचं यावर शेवटची वादावादी होते. जाकीट काढलं जातं, भाजणी राहते. मग काचेच्या दारापलीकडे मूल दिसेनासं होईपर्यंत सगळे हात हलवत उभे राहतात.

उपनगरांतल्या मध्यमवर्गीय वस्तीला हे दृश्य आता नवीन नाही. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३ लाख ३१ हजारांवर गेली आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदाच भारताने चीनला मागे टाकलं. पुढच्याच वर्षी ती ३ लाख ६३ हजारांवर पोचली. ब्रिटन, कॅनडा, जर्मनी, ऑस्ट्रेलिया, आयर्लंड इथे गेलेली मुलं वेगळीच. आमच्या पट्ट्यात अशी सोसायटी विरळा, जिथल्या एकाही घरात रात्री साडेनऊला 'तिकडे आता सकाळ झाली असेल' म्हणून फोनकडे डोळे लागलेले नसतात.

या मुलांबद्दल आपण दोनच गोष्टी बोलतो. एक, ती आपल्या मातीपासून तुटतात. दुसरी, लांब गेल्यावरच त्यांना आपल्या मातीची किंमत कळते. दोन्ही विधानं लग्नाच्या पंगतीत सारख्याच ठामपणे केली जातात. गेलं वर्षभर उपनगरांतल्या अशा मुलांशी आणि त्यांच्या आईवडिलांशी बोलत असताना, आणि जोडीने आपल्याकडच्या जुन्या परदेशी शिकलेल्या माणसांची चरित्रं पुन्हा वाचत असताना, मला या दोन्ही विधानांत काहीतरी राहून जातंय असं सतत वाटत होतं. घराची आठवण येणं आणि घर समजणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आठवण सगळ्यांनाच येते. समज मात्र तेव्हा येते, जेव्हा परक्या देशात कुणीतरी आपल्याला आपल्याच घराबद्दल प्रश्न विचारतं आणि उत्तर देता येत नाही.

घाटकोपरचा एक मुलगा मला म्हणाला, "इथे असताना मी मराठी आहे हा विचार करायची वेळच आली नव्हती." खरं आहे ते. शेजार गुजराती, शाळा इंग्रजी माध्यमाची, कॉलेजच्या कट्ट्यावर हिंदी, नवरात्रात गरबा आणि भाद्रपदात गणपती. हे सगळं एकमेकांत इतकं मिसळलेलं की त्यातलं आपलं काय हे वेगळं काढून बघायची गरजच पडत नाही. अमेरिकेत गेल्यावर घरभाडं वाटून घ्यायला एक तेलुगू, एक तमिळ आणि एक पंजाबी मुलगा भेटला. तेलुगू मुलाने चैत्रात विचारलं, आमचा उगादी आणि तुमचा पाडवा एकाच दिवशी कसा? गुढीवर तांब्या पालथा का घालतात? याला काहीच सांगता येईना. त्याने आजीला फोन लावला. आजीने अर्धा तास सांगितलं. त्यातलं निम्मं आपण आयुष्यभर डोळ्यांसमोर बघत होतो, पण पाहिलं नव्हतं, असं तो म्हणाला.

ही गोष्ट छोटी आहे. पण आपल्याकडे परदेशी शिकायला गेलेल्या पहिल्या पिढीपासून बघितलं तर हेच मोठ्या प्रमाणावर घडलेलं दिसतं.

मुलुंडहून कल्याणकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की अर्ध्या तासात ज्या गावात आपण उतरतो, तिथे ३१ मार्च १८६५ रोजी यमुना जोशी जन्मली. लग्नानंतर ती आनंदी झाली. चौदाव्या वर्षी तिला मूल झालं आणि दहाच दिवसांत गेलं. त्या मृत्यूमुळे तिने डॉक्टर व्हायचं ठरवलं. नवरा गोपाळराव टपालखात्यात, बदल्या अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता अशा. बंगालमधल्या श्रीरामपूरला असताना फेब्रुवारी १८८३ मध्ये तिने कॉलेजच्या सभागृहात भाषण केलं. एका मराठी ब्राह्मण मुलीने बंगालमध्ये, इंग्रजीत, भर सभेत उभं राहून आपण अमेरिकेला का जातोय हे सांगितलं आणि हिंदू म्हणूनच जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन असा शब्द दिला. तेव्हा ती अठराचीही पूर्ण झाली नव्हती. एप्रिलमध्ये ती कलकत्त्याहून जहाजावर चढली, नवऱ्याशिवाय.

फिलाडेल्फियाच्या वूमन्स मेडिकल कॉलेजमधलं तिचं एक छायाचित्र अनेकांनी पाहिलं असेल. तारीख १० ऑक्टोबर १८८५. तीन विद्यार्थिनी शेजारी शेजारी आहेत. आनंदीबाई, जपानची केई ओकामी आणि दमास्कसची साबात इस्लामबुली. तिघींनी आपापल्या देशाचा पोशाख केला आहे. साडी, किमोनो आणि सीरियातला दागिन्यांनी मढलेला वेष. या छायाचित्राकडे मी पुन्हा पुन्हा बघते. फिलाडेल्फियाच्या बर्फात नऊवारी नेसून वावरणं सोपं नव्हतं. आनंदीबाईंनी तिथे साडी नेसायची पद्धत बदलली, पाय झाकले जावेत म्हणून गुजराती धाटणीने नेसायला लागल्या. वेष टाकला नाही आणि आंधळेपणाने धरूनही ठेवला नाही. हवामान बघून, शरीर बघून, विचार करून त्यात बदल केला.

आणि ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. मिळाली, ती कुठल्या प्रबंधावर? हिंदू आर्यांमधील प्रसूतिशास्त्रावर. समोर अमेरिकेतलं अद्ययावत वैद्यक होतं, हाताशी तिथलं ग्रंथालय आणि तिथली रुग्णालयं होती. त्या मुलीने जुन्या संस्कृत ग्रंथांचा आधार घेऊन आपल्याकडच्या बाळंतपणाबद्दल लिहिलं. त्या प्रबंधात आपल्या परंपरेची बाजू जरा जास्तच घेतली गेली आहे असं आज वाचताना वाटू शकतं. वाटू दे. पण विषय बघा. दहा दिवसांचं मूल गमावलेल्या आईने जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन स्वतःच्या घरातल्या बाळंतिणीच्या खोलीकडे बघितलं.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली होती. ती नोकरी त्यांना करता आली नाही. क्षयाने खंगलेल्या अवस्थेत त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या, बाविसावा वाढदिवस महिन्यावर आला असताना. त्यांच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी इथे, त्यांना मुलीसारखं सांभाळणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आहेत. आनंदीबाईंचं घर नेमकं कोणतं, या प्रश्नाला तेव्हापासूनच दोन उत्तरं आहेत.

त्यांच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या. रमाबाईंनी अमेरिका बघितली ती वेगळ्या डोळ्यांनी. तिथल्या स्त्रियांच्या संस्था, शाळा, सभा यांचं त्यांना मनापासून कौतुक वाटलं, आणि कृष्णवर्णीयांना मिळणारी वागणूकही त्यांच्या नजरेतून सुटली नाही. ते सगळं त्यांनी १८८९ मध्ये 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' या पुस्तकात मराठीत लिहिलं. मराठीत, कारण वाचणारी बाई इथली होती. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं.

इथपर्यंत गोष्ट अभिमानाने सांगता येते. पुढची सांगताना मान खाली जाते, म्हणूनच ती सावकाश सांगायला हवी.

१९१३ मध्ये बावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले. तिथे नवल भथेना हा पारशी मित्र मिळाला, तो जन्मभराचा. जॉन ड्यूई, सेलिग्मन असे शिक्षक मिळाले. तिथे कुणी त्यांची जात विचारत नव्हतं. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी निबंध वाचला तो भारतातल्या जातींवर, त्यांची यंत्रणा, उगम आणि विकास यांवर. पुढे लंडनमध्ये डी.एस्सी.साठी विषय घेतला तो रुपयाचा प्रश्न. इथेही तेच. अभ्यास परदेशात, विषय घरचा. मात्र आनंदीबाईंनी घराकडे मायेने बघितलं होतं. बाबासाहेबांनी घराच्या पायातला दगड उकरून काढला.

१९१७ मध्ये ते करारानुसार नोकरीसाठी बडोद्याला आले. पुढे लिहिलेल्या आत्मकथनपर टिपणांत त्यांनी नोंदवलं आहे की युरोप-अमेरिकेतल्या पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. बडोद्याच्या स्टेशनावर उतरताच ती परत आली, कारण राहायचं कुठे? हिंदू हॉटेलात प्रवेश नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेली माणसं दारात आली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेली. दोन मित्रांना विचारलं, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनी अडचण सांगितली. कोलंबियात शिकलेला तो माणूस मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत बडोद्याच्या बागेत बसून राहिला.

परदेशात शिकल्याने मायदेशाचं प्रेम वाढतं असं सरसकट म्हणणाऱ्याने ही बाग आठवावी. परदेशाने त्यांना पहिल्यांदा दाखवून दिलं की माणसाला माणसासारखं जगता येतं, आणि त्यामुळेच इथलं जगणं असह्य झालं. तरी ते परत आले. लंडनचा अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करायला १९२० मध्ये पुन्हा गेले आणि पुन्हा आले. या सगळ्या काळात परळच्या बीआयटी चाळीत त्यांच्या पत्नी रमाबाई संसार रेटत होत्या. परदेशी शिक्षणाच्या इतिहासात घरी राहिलेल्या बाईचं पान फार थोड्यांनी लिहिलं आहे.

घाटकोपरला पूर्व द्रुतगती मार्गालगत त्यांच्याच नावाची वसाहत आहे, रमाबाई आंबेडकर नगर. ११ जुलै १९९७ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यावर जमलेल्या लोकांवर तिथे गोळीबार झाला आणि दहा माणसं मेली. अशा वस्त्यांमधली मुलंमुलीही आज परदेशात जातात. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींतल्या ७५ विद्यार्थ्यांना दरवर्षी मिळते. लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरचं दहा नंबरचं घर, जिथे बाबासाहेब राहिले होते, ते २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं. तिथे जाऊन उभं राहणाऱ्या मुलीच्या मनात 'मायदेश' या शब्दाबरोबर जे येतं, ते पैठणी बॅगेत भरणाऱ्या घरातल्या मुलीपेक्षा वेगळं असणारच. दोघींचं दुःख आणि दोघींचा अभिमान एकाच मापाने मोजू नये.

शिवाय बॅगेत आपण काय काय भरून नेतो तेही बघायला हवं. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिअॅटल शहराला जातीवरून होणाऱ्या भेदभावाला बंदी घालणारा कायदा करावा लागला. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. कुकर आणि मसाल्यांबरोबर जातही समुद्र ओलांडून गेली आहे, आणि तिकडे जमवलेल्या गणपतीच्या मंडळात ती दिसते, हे मला दोन मुलांनी खासगीत सांगितलं. नाव न घालता लिहा म्हणाले.

मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचा मार्ग आणखी निराळा. १९२८ मध्ये त्या बर्लिनला गेल्या, सासरे धोंडो केशव कर्वे यांची इच्छा नसताना. ऑयगेन फिशर यांच्या संस्थेत कवट्यांची मोजमापं घ्यायचं काम त्यांना मिळालं. वंश आणि कवटीची असमानता यांचा संबंध दाखवावा अशी तिथली हवा होती. इरावतीबाईंनी मोजलं आणि तसा संबंध आढळत नाही असं लिहिलं. पुढच्या काही वर्षांत त्या देशाने वंशाच्या नावाखाली काय केलं ते जगाला माहीत आहे. आकड्यांशी प्रामाणिक राहायचं ही शिस्त घेऊन त्या परत आल्या, १९३९ पासून डेक्कन कॉलेजात राहिल्या, मोजमापांची साधनं घेऊन महाराष्ट्रभर हिंडल्या. आणि पंढरीच्या वारीत चालल्या. त्या वारीवर त्यांनी जे लिहिलं, त्यात महाराष्ट्र म्हणजे काय याचं उत्तर त्यांना चालणाऱ्या माणसांत सापडल्याचं आपल्या लक्षात येतं. त्याच लेखनात, वारीतही दिंड्या जातवार वेगळ्या चालतात आणि वेगळ्या जेवतात, याचं दुःख आहे. भक्ती आणि निरीक्षण दोन्ही शाबूत ठेवून घराकडे बघता येतं, हे मला त्यांच्याकडून कळलं.

गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी लहानपणीच वडिलांबरोबर अमेरिकेला गेले, १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन परत आले. पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणितासाठी ये-जा करणारा हा माणूस उरलेल्या वेळात घरामागच्या टेकडीवर अश्मयुगीन गारगोट्या वेचत असे, वाटेवरच्या शेंदूर फासलेल्या देवांची नावं धनगरांना विचारत असे. शिकून आलेल्या माणसाने अडाण्याला प्रश्न विचारावेत, ही सवय आपल्याकडे फार कमी जणांना असते.

आता पुन्हा उपनगरात येते. मुलुंड पूर्वेची एक मुलगी इंग्लंडला सार्वजनिक आरोग्य शिकायला गेली. पहिल्याच सत्रात प्रत्येकाला आपल्या शहराच्या पाणीपुरवठ्यावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं. ती मला म्हणाली, "काकू, मला फक्त एवढंच माहीत होतं की पाणी सकाळी येतं." भांडुपचं जलशुद्धीकरण केंद्र तिच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर, पण तिने ते कधी पाहिलं नव्हतं. त्या रात्री तिने वाचायला सुरुवात केली. विहार आणि तुळशी सोडले तर मुंबईचे बाकीचे तलाव शंभरेक किलोमीटरच्या परिसरातल्या ठाणे, पालघर, नाशिक जिल्ह्यांत. भातसा, तानसा, वैतरणा. आणि ज्या शहापूर तालुक्यातून हे पाणी येतं, तिथल्या आदिवासी पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर लागतात. तिने प्रबंध त्यावर केला. सुट्टीत आली तेव्हा शहापूरच्या पाड्यांवर आठवडाभर राहिली. आई मला सांगत होती, "आम्हाला वाटलं आल्यावर खरेदी करेल, ही हंडे मोजत बसली." आईच्या स्वरात तक्रार होती आणि अभिमानही होता. त्या मुलीला आता मुंबई पूर्वीपेक्षा जास्त आवडते का, असं मी विचारलं. ती म्हणाली, आवडते का माहीत नाही, पण आता ती माझी आहे.

अशी मुलं परत येतात का? काही येतात. बरीच येऊ शकत नाहीत, आणि त्याचं कारण देशप्रेमाची कमतरता हे नसतं. घर तारण ठेवून काढलेलं चाळीस-पन्नास लाखांचं कर्ज रुपयांतल्या पगारावर फेडता येत नाही हे कारण असतं. आता तिकडचे दरवाजेही आकसत चालले आहेत. कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली. ब्रिटनने त्याच महिन्यापासून बहुतेक विद्यार्थ्यांना कुटुंब सोबत नेणं बंद केलं. अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावलं. तिकडे राहणं अनिश्चित, इकडे येणं परवडत नाही, अशा मधल्या जागेत पंचविशीची ही मुलं अडकली आहेत. त्यांना 'देश विसरलात' म्हणून टोमणा मारणं क्रूरपणाचं आहे.

आणि जी येतात त्यांना इथे काय मिळतं? खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर १९५७ मध्ये केंब्रिजला गेले आणि १९७२ मध्ये परत आले, जगभर नाव झालेलं असताना. दोन वर्षांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. अक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंच्या हातचं हस्तलिखित पाठवलं. आपल्या नावाच्या वजनावर बक्षीस मिळू नये म्हणून. पहिलं बक्षीस मिळालं. मे २०२५ मध्ये ते गेले तेव्हा खेड्यापाड्यांतल्या वाचकांनी त्यांच्या विज्ञानकथांच्या आठवणी लिहिल्या. परदेशी शिकलेल्या माणसाने मायबोलीत लिहिलं की ते किती खोलवर जातं, याचं इतकं ठसठशीत उदाहरण दुसरं माझ्या डोळ्यांसमोर नाही. आज परत आलेल्या मुलाला मात्र आपण पॅकेज किती, ग्रीन कार्डचं काय झालं, लग्नाचं काय, एवढंच विचारतो. तो काय शिकला हे विचारत नाही. त्याला इथलं काय खटकतं हे विचारायला तर घाबरतोच.

डिसेंबर-जानेवारीत ही मुलं सुट्टीवर येतील. एखाद्या दिवशी त्यांना बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीला घेऊन जा. तिथल्या शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची दानं आहेत, गौड देशाहून आलेल्या उपासकाची आहेत, १००९ मध्ये येऊन गेलेल्या पारशांनी पहलवी लिपीत कोरलेली नावं आहेत. लांबून माणसं आपल्या या डोंगरात येत होती. आणि मुलुंडचा महाराष्ट्र सेवा संघ, पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ, गोरेगावचं केशव गोरे स्मारक अशा संस्था उपनगरांत आहेत, त्यांच्या कार्यकर्त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. एक संध्याकाळ या मुलांना द्या. सत्कार नको, शाल-श्रीफळ नको. तिकडे कुणी काय प्रश्न विचारला, कशाचं उत्तर देता आलं नाही, आणि आता इकडे आल्यावर काय दिसतं, एवढं त्यांना मराठीत सांगू द्या. त्यांचं मराठी अडखळेल, त्यात इंग्रजी शब्द येतील, मध्येच टोचणारंही काही येईल. ते शेवटपर्यंत ऐका, आणि ज्याला लिहिता येतं त्याने ते लिहून ठेवावं.